पॅसिफिक किनाऱ्यावरून शीख मजुरांची हकालपट्टी

उत्तर अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावर १९०७ ते १९१० या काळात गोऱ्या जमावांनी शीख मजुरांवर वारंवार हल्ले केले. वॉशिंग्टन राज्यातील बेलिंगहॅम आणि एव्हरेट, कॅलिफोर्नियातील लाइव्ह ओक आणि ऑरेगनमधील सेंट जॉन्स ही त्यांतली ठळक ठिकाणे. या दंगलींत मारहाण, लूट, जाळपोळ झाली. त्या मानाने प्राणहानी थोडी झाली. मजुरांना गावाबाहेर काढायचे हा जमावाचा उद्देश होता आणि तो बहुतेक ठिकाणी साधला गेला. दंगल करणाऱ्यांना शिक्षा जवळजवळ झालीच नाही. उलट, त्यांनी दगड-दंडुक्यांनी जे मागितले ते पुढच्या पंधरा-सोळा वर्षांत कॅनडा आणि अमेरिका या दोन्ही देशांनी आदेश, कायदे आणि न्यायनिवाडे यांच्या मार्गाने त्यांच्या पदरात टाकले. म्हणून हा इतिहास दंगलींपाशी सुरू होत असला, तरी तो दंगलींपाशी संपत नाही.

पंजाब ते ब्रिटिश कोलंबिया

विसाव्या शतकाच्या आरंभी या किनाऱ्यावर उतरलेले बहुतेक हिंदी मजूर पंजाबातले, मुख्यतः दुआब आणि माळवा भागातले शेतकरी होते. पिढ्यानपिढ्या वाटण्या होऊन जमिनीचे तुकडे पडले होते. शेतसारा रोखीने भरावा लागे, आणि त्यासाठी सावकाराची पायरी चढावी लागे. घरातला एक मुलगा फौजेत किंवा परदेशी धाडायचा आणि त्याच्या कमाईवर गहाण जमीन सोडवायची, ही तिथल्या घरांची रीतच झाली होती. ब्रिटिशांच्या फौजेतून आणि पोलिसांतून शीख माणसे सिंगापूर, हाँगकाँग, शांघायपर्यंत पोचली होती. १८९७ साली व्हिक्टोरिया राणीच्या हीरक महोत्सवाच्या निमित्ताने काही शीख सैनिकांनी कॅनडातून प्रवास केला. तिथल्या मोकळ्या जमिनीच्या आणि चढ्या मजुरीच्या गोष्टी पूर्वेकडच्या छावण्यांतून पंजाबच्या गावांत येऊ लागल्या.

याच सुमारास कॅनडाने चिनी माणसाला देशात येण्यासाठी भरावी लागणारी डोईपट्टी वाढवून ५०० डॉलर केली. १९०४ पासून लागू झालेल्या या दरामुळे चिनी मजुरांचा ओघ आटला. हाँगकाँग ते व्हँकुव्हर बोटी चालवणाऱ्या कॅनेडियन पॅसिफिक कंपनीला उतारू हवे होते, ब्रिटिश कोलंबियातल्या लाकूड गिरण्यांना आणि रेल्वेच्या कामांना हात हवे होते. ही पोकळी पंजाबी मजुरांनी भरली. कॅनडाच्या सरकारी नोंदीनुसार १९०४-०५ या वर्षात तिथे ४५ हिंदी माणसे उतरली. पुढच्या वर्षी ३८७, १९०६-०७ मध्ये २,१२४ आणि १९०७-०८ मध्ये २,६२३ आली. त्यांत बहुसंख्य शीख होते, काही पंजाबी मुसलमान आणि थोडे हिंदू होते. स्थानिक लोक आणि वर्तमानपत्रे मात्र सरसकट सगळ्यांनाच ‘हिंदू’ म्हणत.

कॅनडात उतरलेल्यांपैकी बरेचजण सीमा ओलांडून दक्षिणेला वॉशिंग्टन आणि ऑरेगनमध्ये गेले. १९०६ च्या भूकंपात सॅन फ्रान्सिस्को उद्ध्वस्त झाल्यामुळे इमारती लाकडाला प्रचंड मागणी आली होती आणि किनाऱ्यावरच्या सॉ मिल रात्रंदिवस चालत होत्या. तिथले सर्वांत कष्टाचे काम हिंदी मजुरांच्या वाट्याला येई. करवतीखालून नुकत्याच निघालेल्या ओल्या, जड फळ्या साखळीच्या पट्ट्यावरून सरकत येत. त्या ओढून काढायच्या, जाडी-लांबीप्रमाणे निवडायच्या आणि चळत रचायची. दहा-दहा तासांच्या पाळीत हात सालून निघत. हे काम गोरे मजूर फार काळ टिकून करत नाहीत आणि शीख टिकतात, असे गिरणीमालक सांगत. काही गिरण्यांत हिंदी मजुराला गोऱ्यापेक्षा कमी रोज मिळे, हेही मालकांच्या पथ्यावर पडे.

मजूर टोळीने राहत. इंग्रजी येणारा एकजण टोळीचा म्होरक्या होई. मालकाशी बोलणे, मजुरी ठरवणे त्याच्याकडे असे. गिरणीजवळच्या एखाद्या फळ्यांच्या खोपटात वीस-पंचवीस जण दाटीने झोपत, सामाईक चुलीवर रोटी-डाळ शिजे आणि उरलेले पैसे गावी जात. जवळपास कोणाचीही बायको सोबत नव्हती. स्वस्तात राहून पैसे साठवणे ही त्यांच्यासाठी काटकसर होती. गोऱ्या कामगारांच्या संघटनांना तोच त्यांचा सर्वांत मोठा गुन्हा वाटे.

द्वेषाची जुनी वाट

शीख मजूर येण्याआधी वीस वर्षांपासून या किनाऱ्यावर आशियाई लोकांना हाकलण्याचा रिवाज पडलेला होता. अमेरिकेने १८८२ साली चिनी मजुरांना प्रवेशबंदी केली. १८८५ च्या नोव्हेंबरात टॅकोमा शहरातून सगळ्या चिनी रहिवाशांना पावसात चालत बाहेर काढण्यात आले आणि त्यांची वस्ती जाळली गेली. १८८६ च्या फेब्रुवारीत सिअ‍ॅटलमध्ये तेच घडले. चिनी गेल्यावर जपान्यांची पाळी आली. १९०५ साली सॅन फ्रान्सिस्कोत कामगार संघटनांनी मिळून जपानी आणि कोरियन लोकांच्या बहिष्कारासाठी एक संघ स्थापन केला. त्याच्या शाखा उत्तरेकडे पसरत गेल्या, आणि १९०७ च्या अखेरीस त्याने ‘एशियाटिक एक्सक्लूजन लीग’ हे व्यापक नाव घेतले. नावात हिंदी लोकही आपोआप आले.

वर्तमानपत्रांनी या भीतीला खतपाणी घातले. १९०६ च्या सप्टेंबरातच बेलिंगहॅमच्या ‘प्युजेट साउंड अमेरिकन’ने पगडीवाल्यांच्या टोळ्या राज्यावर चालून येत असल्याच्या थाटाचा मोठा सचित्र लेख छापला होता. जपान्यांवर बोलताना निदान जपान सरकारच्या रागाचा विचार करावा लागे. हिंदी माणसांच्या बाबतीत तसली अडचण नव्हती.

बेलिंगहॅम, ४ सप्टेंबर १९०७

बेलिंगहॅम हे कॅनडाच्या सीमेलगतचे, खाडीकाठच्या लाकूड गिरण्यांवर जगणारे शहर. तिथल्या गिरण्यांत दोनशेहून अधिक हिंदी मजूर कामाला होते. बहिष्कार संघाची शाखा तिथे जोरात होती. २ सप्टेंबर १९०७ रोजी, सोमवारी, कामगार दिनाची मिरवणूक निघाली. शेकडो संघटित कामगार रस्त्यावर उतरले. हिंदी मजुरांना कामावरून काढा, असा लकडा गिरणीमालकांमागे लावला होता. मिरवणूक झाली तरी मजूर कामावर येत राहिले, तेव्हा वातावरण तापले. दुसऱ्या दिवशी किरकोळ मारहाणी झाल्या.

बुधवारी, ४ तारखेच्या रात्री चारशे-पाचशे लोकांचा जमाव जमला. सुरुवातीला रस्त्यात सापडलेल्या दोघा-तिघांना झोडपण्यात आले. मग जमाव खाडीकाठच्या खोपटांकडे आणि गिरण्यांकडे वळला. दगडांनी खिडक्या फोडल्या, दारे मोडली, झोपलेल्यांना अंथरुणातून ओढून बाहेर काढले. पेट्या उचकटून पैसे आणि किडूकमिडूक दागिने नेले गेले, कपडे आणि सामान रस्त्यावर फेकले. काही मजूर खिडक्यांतून उड्या टाकून खाडीच्या चिखलात शिरले, काही अर्ध्या कपड्यांनिशी रुळांच्या कडेने उत्तरेला कॅनडाच्या दिशेने चालत सुटले. जमावाला आडवे जाणारे कोणी नव्हते. रस्त्यावर बघ्यांची गर्दी होती.

पोलिसांचे वागणे या रात्रीचा सर्वांत बोलका भाग आहे. जमाव मोठा आहे आणि शिपाई मूठभर आहेत, म्हणून पोलिस प्रमुखांनी दंगलखोरांना अडवण्याऐवजी पकडलेल्या मजुरांना सिटी हॉलमध्ये आणून ठेवण्याची मुभा दिली. म्हणजे जमावानेच घराघरांतून माणसे शोधून आणायची आणि सरकारी इमारतीच्या तळघरात कोंडायची, अशी व्यवस्था झाली. पहाटेपर्यंत तिथे सुमारे दोनशे मजूर कोंबले गेले. त्यांना संरक्षण दिले, असे त्याचे वर्णन झाले. ती इमारत आज व्हॉटकम संग्रहालयाचा भाग आहे.

दुसऱ्या दिवशी महापौरांनी संरक्षणाची हमी दिली आणि जादा माणसे नेमली. मजुरांचा त्यावर विश्वास बसला नाही. बरेचसे गिरण्यांतून उरलेली मजुरी घेऊन आगगाडीने आणि बोटीने व्हँकुव्हरला गेले, काही दक्षिणेला ऑरेगन-कॅलिफोर्नियाकडे वळले. दहा दिवसांत शहरात एकही हिंदी मजूर उरला नाही. काही दंगलखोरांना अटक झाली, पण साक्ष द्यायला कोणी पुढे आले नाही. मार खाल्लेले साक्षीदार तर शहर सोडून गेले होते. खटले पुढे सरकलेच नाहीत. ‘बेलिंगहॅम हेरल्ड’ने दांडगाईचा निषेध केला, पण हे लोक इथे राहण्यायोग्य नाहीत हे जमावाचे म्हणणेही मान्य केले. मार्ग चुकला, हेतू बरोबर, हा सूर पुढे अनेक संपादकीयांत आणि सरकारी अहवालांत पुन्हा पुन्हा ऐकू येतो.

हल्ल्यांची साखळी

बेलिंगहॅमच्या घटनेला तीन दिवस झाले आणि ७ सप्टेंबरला व्हँकुव्हर पेटले. तिथल्या बहिष्कार संघाने सिटी हॉलवर मोठा मोर्चा काढला. भाषणे देणाऱ्यांत सिअ‍ॅटलहून आलेले संघाचे पुढारीही होते, आणि बेलिंगहॅमचे उदाहरण ताजे होते. जमाव चिनी वस्तीवर चालून गेला, दुकानांच्या काचा फोडल्या आणि मग पॉवेल स्ट्रीटवरच्या जपानी वस्तीकडे वळला. जपान्यांनी काठ्या-बाटल्यांनी प्रतिकार करून जमावाला मागे रेटले. बेलिंगहॅमहून पळून आलेले मजूर ज्या शहरात आसरा शोधत होते, तिथेच त्यांच्यासमोर हे घडत होते.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला वॉशिंग्टन राज्यातल्या एव्हरेटमध्ये शेकडोंच्या जमावाने हिंदी मजुरांच्या घरांवर हल्ला केला. इथेही मजुरांनाच संरक्षणाच्या नावाखाली तुरुंगात ठेवले गेले आणि नंतर त्यांनी गाव सोडले. त्याच शरद ऋतूत आर्थिक पेचप्रसंग आला, गिरण्या बंद पडू लागल्या आणि बेकार गोऱ्या मजुरांचा राग आणखी धारदार झाला. १९०८ च्या जानेवारीअखेर कॅलिफोर्नियाच्या सटर परगण्यातील लाइव्ह ओक इथे रात्री जमावाने मजुरांच्या वस्तीवर चाल केली, त्यांना लुटले, राहण्याच्या जागा जाळल्या आणि त्यांना तिथून पळवून लावले. नंतर मजुरांवरच कोंबड्या चोरल्याचे आणि असभ्य वागण्याचे आरोप ठेवून हल्ल्याला सबब शोधण्यात आली.

२१ मार्च १९१० रोजी पोर्टलंडशेजारच्या सेंट जॉन्स गावात, गिरणीत काम करणाऱ्या हिंदी मजुरांवर मोठा जमाव तुटून पडला. घरे फोडली गेली, मजुरांना गाड्यांत बसवून पोर्टलंडकडे पिटाळले गेले. या वेळी मजूर गप्प राहिले नाहीत. त्यांनी वकिलांमार्फत आणि ब्रिटिश वकिलातीमार्फत दाद मागितली, दंगलखोरांना ओळखून दाखवले आणि प्रकरण ग्रँड ज्युरीपर्यंत नेले. आरोप ठेवले गेले तरी पदरात फारसे पडले नाही. बहुतेक आरोपी सुटले. तरीही बेलिंगहॅममध्ये रातोरात पांगलेले मजूर तीन वर्षांनी न्यायालयाच्या पायऱ्या चढत होते, हा बदल लक्षणीय आहे. संघटित होण्याची सवय याच काळात लागली.

पाठीशी सरकार नसलेली माणसे

व्हँकुव्हरच्या दंगलीनंतर कॅनडा सरकारने उपमजूरमंत्री विल्यम लायन मॅकेन्झी किंग यांना नुकसानीची चौकशी करायला पाठवले. हेच किंग पुढे दीर्घकाळ कॅनडाचे पंतप्रधान होते. त्यांच्या चौकशीनंतर जपान्यांना सुमारे ९ हजार डॉलर आणि चिन्यांना सुमारे २६ हजार डॉलर भरपाई मिळाली. जपान हा ब्रिटनचा तहाने बांधलेला मित्र होता, आणि त्याची नाराजी परवडणारी नव्हती. कॅनडाने आपला मंत्री टोकियोला पाठवून आणि अमेरिकेने पत्रव्यवहारातून जपानशी ‘सभ्य गृहस्थांचा करार’ केला. जपानने स्वतःहून मजुरांना कमी पासपोर्ट द्यायचे, असे ठरले.

हिंदी मजूर तर ब्रिटिश सम्राटाचे प्रजाजन होते. कागदावर पाहिले, तर कॅनडात त्यांना जपान्यांपेक्षा अधिक हक्क असायला हवे होते. प्रत्यक्षात लंडनला कॅनडासारख्या गोऱ्या वसाहतीला दुखवायचे नव्हते, आणि कॅनडातल्या अपमानाची बातमी हिंदुस्थानात पसरून असंतोष वाढू नये, अशीही इच्छा होती. या दोन्ही गोष्टी साधण्याचा सोपा उपाय म्हणजे हे लोक तिथे जाऊच नयेत. १९०८ मध्ये किंग लंडनला गेले आणि परतल्यावर त्यांनी अहवालात लिहिले की, उष्ण देशातल्या या लोकांना कॅनडाचे हवामान मानवत नाही. बर्फात फळ्या ओढणाऱ्या मजुरांविषयी हे मत होते.

त्याआधीच, जानेवारी १९०८ मध्ये, कॅनडाने आदेश काढला होता. स्वदेशातून थेट तिकीट काढून, वाटेत बोट न बदलता आलेल्यालाच प्रवेश मिळेल. हिंदुस्थानातून कॅनडाला थेट जाणारी बोट नव्हती, आणि कॅनेडियन पॅसिफिक कंपनीने तसे तिकीट विकणेही थांबवले. शिवाय उतरणाऱ्या हिंदी माणसाकडे २०० डॉलर असणे सक्तीचे झाले. थेट प्रवासाच्या आदेशात हिंदी, शीख किंवा आशियाई असा एकही शब्द नव्हता. परिणाम मात्र आकड्यांत दिसतो. १९०७-०८ मध्ये २,६२३ हिंदी माणसे उतरली होती, १९०८-०९ मध्ये फक्त ६. याआधी १९०७ च्या वसंतातच ब्रिटिश कोलंबियाने हिंदी रहिवाशांचा मताधिकार काढून घेतला होता. तो १९४७ पर्यंत परत मिळाला नाही.

जे आधीच आले होते त्यांना बाहेर घालवण्याचाही प्रयत्न झाला. १९०८ मध्ये त्यांना मध्य अमेरिकेतील ब्रिटिश होंडुरासमध्ये मळ्यांवर नेण्याची योजना पुढे आली. मजुरांनी आपले दोन प्रतिनिधी तिकडे पाठवले. त्यांनी परत येऊन तिथली स्थिती सांगितल्यावर गुरुद्वारातल्या सभेने योजना साफ नाकारली.

गुरुद्वारा आणि गदर

हल्ल्यांच्या या काळातच शीख समाजाने आपल्या संस्था उभ्या केल्या. व्हँकुव्हरमध्ये खालसा दिवाण सोसायटी स्थापन झाली आणि १९०८ साली तिथे गुरुद्वारा उभा राहिला. १९१२ साली कॅलिफोर्नियात स्टॉकटनला गुरुद्वारा स्थापन झाला. त्याच सुमारास ब्रिटिश कोलंबियातील अ‍ॅबट्सफर्ड इथे मजुरांनी जवळच्या गिरणीतले लाकूड खांद्यावर वाहून नेऊन टेकडीवर गुरुद्वारा बांधला. तो आज कॅनडाचे राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे. नव्याने आलेल्याला तिथे जेवण आणि झोपायला जागा मिळे, कामाची माहिती कळे, आणि दाव्यांसाठी वर्गणीही तिथेच जमे.

ब्रिटिशांची फौजेतली चाकरी ही ज्यांना अभिमानाची गोष्ट वाटे, त्यांना सम्राटाचे पदक दंगलीच्या रात्री काही उपयोगी पडत नाही, हे दिसले होते. १९०९ मध्ये व्हँकुव्हरच्या गुरुद्वारात शिखांनी फौजी पदके आणि गणवेश वापरू नयेत असा ठराव झाला. ऑरेगनमधील गिरण्यांत हा विचार अधिक ठोस झाला. पोर्टलंडच्या गिरणीत काम करणारे सोहनसिंग भाकना आणि सेंट जॉन्समध्ये राहणारे कंत्राटदार काशीराम यांच्या पुढाकाराने संघटना आकाराला आली. १९१३ साली तिला पक्षाचे रूप आले. भाकना अध्यक्ष, लाला हरदयाळ सचिव आणि काशीराम खजिनदार झाले. १ नोव्हेंबर १९१३ रोजी सॅन फ्रान्सिस्कोहून तिचे ‘गदर’ हे पत्र उर्दूत निघाले, आणि लवकरच गुरुमुखीतही. गुलाम देशाच्या माणसाला परदेशात कोणी विचारत नाही, हा या पत्राच्या लिखाणाचा वारंवार येणारा धागा होता, आणि मजुरांना तो पटवून द्यावा लागत नव्हता.

या चळवळीत महाराष्ट्रातलेही काही तरुण होते. वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे ऑरेगन आणि वॉशिंग्टनमध्ये शेतीशास्त्र शिकत होते. शीख मजुरांमध्ये मिसळून त्यांनी गदर पक्षाच्या सशस्त्र शाखेचे काम केले. पुणे जिल्ह्यातील तळेगाव ढमढेरे इथले विष्णू गणेश पिंगळे हेही अमेरिकेतून गदरमध्ये आले. १९१४ मध्ये महायुद्ध सुरू होताच गदरचे शेकडो सभासद उठाव करण्यासाठी मायदेशी निघाले. पिंगळे १९१५ च्या मार्चमध्ये मेरठच्या घोडदळाच्या छावणीत बाँबसह पकडले गेले. १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोर तुरुंगात त्यांना गदरचेच कर्तारसिंग सराभा आणि आणखी पाच जणांबरोबर फाशी देण्यात आली.

कोमागाटा मारू

थेट प्रवासाच्या अटीला सर्वांत मोठे आव्हान १९१४ मध्ये दिले गेले. सिंगापूरचे व्यापारी गुरदितसिंग यांनी ‘कोमागाटा मारू’ ही जपानी बोट भाड्याने घेतली आणि ३७६ प्रवासी घेऊन २३ मे रोजी ती व्हँकुव्हरच्या खाडीत आणली. त्यांत ३४० शीख, २४ मुसलमान आणि १२ हिंदू होते. मोजके सोडता प्रवाशांना उतरू देण्यात आले नाही. दोन महिने बोट किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर उभी होती, अन्न-पाण्याचे हाल झाले. किनाऱ्यावरच्या शिखांनी वर्गणी काढून भाड्याचे पैसे भरले आणि न्यायालयात दावा लढवला, पण तो फेटाळला गेला. १९ जुलैच्या पहाटे पोलिसांना घेऊन एक टगबोट जवळ आली, तेव्हा प्रवाशांनी कोळशाची ढेकळे आणि हाती लागेल ते फेकून तिला परतवले. २३ जुलैला कॅनडाच्या युद्धनौकेच्या देखरेखीखाली बोट परत गेली. २९ सप्टेंबरला कोलकात्याजवळ बजबज इथे उतरलेल्या प्रवाशांवर पोलिसांनी गोळीबार केला. सुमारे वीस प्रवासी मारले गेले.

व्हँकुव्हरमध्येही पडसाद उमटले. शीख समाजावर हेरगिरी चालवणारे इमिग्रेशन खात्याचे अधिकारी विल्यम हॉपकिन्सन यांना मेवासिंग यांनी २१ ऑक्टोबर १९१४ रोजी न्यायालयाच्या आवारात गोळ्या घालून ठार केले. ११ जानेवारी १९१५ रोजी मेवासिंग यांना फाशी झाली.

अमेरिकेचे कायदे आणि थिंड खटला

अमेरिकेत दंगलींनंतर बहिष्कार संघाचा दबाव इमिग्रेशन अधिकाऱ्यांवर आला. हा माणूस समाजावर भार होईल, असे कारण दाखवून बंदरावरूनच परत पाठवलेल्यांची संख्या वाढत गेली. १९११ साली काँग्रेसच्या इमिग्रेशन आयोगाने पॅसिफिक किनाऱ्यावरच्या स्थलांतरितांत हिंदी लोकांना सर्वांत नकोशा गटात धरले. १९१७ च्या कायद्याने आशियाचा मोठा पट्टा ‘प्रतिबंधित प्रदेश’ ठरवला गेला आणि हिंदी मजुरांना दार बंद झाले. कॅलिफोर्नियाच्या १९१३ आणि १९२० च्या जमीन कायद्यांनी नागरिकत्वाला अपात्र असलेल्या परक्यांना शेतजमीन घेण्यास मनाई केली.

मग नागरिकत्वाला पात्र कोण, हा प्रश्न भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टापुढे आला. अमृतसर जिल्ह्यातले थिंड ऑरेगनच्या लाकूड गिरणीत राबले होते आणि पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात होते. तेव्हाच्या कायद्याने नागरिकत्व फक्त गोऱ्या आणि आफ्रिकी वंशाच्या माणसांना मिळे. उत्तर हिंदुस्थानचे लोक वंशशास्त्राप्रमाणे कॉकेशियन ठरतात, असा थिंड यांच्या बाजूचा युक्तिवाद होता. १९ फेब्रुवारी १९२३ रोजी कोर्टाने तो फेटाळला. वंशशास्त्र काहीही म्हणो, सामान्य गोरा माणूस ज्याला गोरा समजतो तोच गोरा, असा निकालाचा आशय होता. सिटी हॉलपुढच्या जमावाची समजूत हाच आता कायद्याचा निकष झाला.

निकालानंतर किमान पन्नास हिंदी माणसांचे आधी मिळालेले नागरिकत्व रद्द करण्यात आले. थिंड यांची बाजू मांडणारे वकील सखाराम गणेश पंडित यांच्यावरही तशी कारवाई सुरू झाली. त्यांनी ती न्यायालयात लढवली आणि १९२७ मध्ये ती कायमची संपली, तेव्हा इतरांवरची प्रकरणेही थांबली. थिंड यांना माजी सैनिकांसाठीच्या वेगळ्या कायद्याखाली १९३६ मध्ये नागरिकत्व मिळाले.

परिणाम आणि स्मरण

वॉशिंग्टन-ऑरेगनच्या गिरण्यांतून निघालेले बरेच मजूर कॅलिफोर्नियाच्या शेतांवर स्थिरावले. सॅक्रामेंटो आणि इम्पीरियल खोऱ्यांत त्यांनी भात, कापूस, फळबागा केल्या. बायकांना आणता येत नव्हते, म्हणून अनेकांनी मेक्सिकन स्त्रियांशी लग्ने केली आणि पंजाबी-मेक्सिकन कुटुंबे तयार झाली. जमीन बायकोच्या, मुलांच्या किंवा ओळखीच्या गोऱ्याच्या नावावर ठेवून शेती चाले. कागदावरचा मालक फिरला तर सगळे गमवावे लागे. १९४६ च्या लूस-सेलर कायद्याने हिंदी लोकांना नागरिकत्वाचा हक्क आणि वर्षाला १०० जणांचा प्रवेश मिळाला. दहाच वर्षांनी इम्पीरियल खोऱ्यातले शेतकरी दलीपसिंग सौंद अमेरिकी काँग्रेसवर निवडून आले. १९६५ च्या कायद्याने वंशावर आधारलेली प्रवेशमर्यादा संपवली.

दंगलींची जाहीर कबुली फार उशिरा आली. बेलिंगहॅमच्या घटनेला शंभर वर्षे झाली तेव्हा, ४ सप्टेंबर २००७ रोजी, शहर आणि परगण्याच्या प्रशासनांनी तो दिवस सलोख्याचा दिवस म्हणून जाहीर केला. ‘बेलिंगहॅम हेरल्ड’ने १९०७ मधल्या आपल्या लिखाणाबद्दल माफी मागितली. २०१८ मध्ये शहरात या घटनेची आठवण सांगणारी कमान उभारली गेली. कोमागाटा मारू प्रकरणी ब्रिटिश कोलंबियाच्या विधिमंडळाने २००८ मध्ये, तर तेव्हाचे पंतप्रधान जस्टिन ट्रुडो यांनी १८ मे २०१६ रोजी कॅनडाच्या संसदेत माफी मागितली. बेलिंगहॅमच्या आसपासच्या परगण्यात विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शीख कुटुंबे पुन्हा येऊन वसली. त्यांतली कित्येक आज तिथे रासबेरी पिकवतात.